शंकासमाधान : ‘मम्’ म्हणजे आई, की अळीमिळी गुपचिळी?

प्रश्न : आठवीच्या मुलांना एका इंग्रजी उताऱ्यात ‘मम्ज द वर्ड’ हे वाक्य आलं. निम्म्या वर्गाने ‘आई हा शब्द आहे’ असं भाषांतर केलं. इथे ‘मम्’ म्हणजे गप्प, एवढं मला माहीत आहे. पण गप्प बसण्याला हा शब्द आला कुठून, आणि मुलांना तो समजावायचा कसा? (शिक्षिका, महाल, नागपूर)

उत्तर : मुलांना अर्धा गुण द्यायला हरकत नाही. एकाच स्पेलिंगमागे खरोखरच दोन निरनिराळे शब्द आहेत. आई या अर्थाचा ‘मम्’ हा ‘मामा’, ‘मम्मी’ अशा बाळबोलीतून आलेला. गप्प या अर्थाचा ‘मम्’ त्याहून कितीतरी जुना, आणि त्याचा आईशी काही संबंध नाही. मिटलेल्या ओठांआडून जो आवाज येतो, त्याची ती नक्कल आहे.

हे वर्गात दोन मिनिटांत दाखवता येतं. मुलांना ओठ घट्ट मिटून ‘म्‌म्‌म्’ असा लांब आवाज काढायला सांगा. आवाज चालू असतानाच चिमटीने नाक दाबायचं. आवाज लगेच अडतो. मग नाक तसंच दाबून ‘आऽऽ’ म्हणायचं. तो मात्र खुशाल चालू राहतो. ‘म’ म्हणताना ओठ बंद असतात, मागची मऊ टाळू खाली उतरलेली असते आणि हवा फक्त नाकातून बाहेर पडते. नाकही दाबलं की तिला वाटच उरत नाही. पाणिनीने अनुनासिकाचं सूत्र ‘मुखनासिकावचनोऽनुनासिकः’ असं बांधलं, ते मुलांना अशा वेळी सांगितलं की कायमचं लक्षात राहतं. (सर्दी झालेल्या मुलाला पुढे बोलावू नका, त्याचा ‘म’ आधीच ‘ब’ झालेला असतो.)

म्हणजे तोंड न उघडता माणसाला जेवढं ‘बोलता’ येतं, तेवढंच या शब्दात आहे. पण गंमत अशी की सुरुवातीला ‘मम्’ म्हणजे शांतता नव्हती, तर अगदी बारीकसा आवाज होता. विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या चौदाव्या शतकातल्या इंग्रजी काव्यात रेशमी टोप्या घातलेल्या शंभरेक वकिलांचं वर्णन आहे. कवी म्हणतो, मॅल्व्हर्नच्या डोंगरावरचं धुकं मोजणं एक वेळ सोपं, पण पैसे दाखवल्याशिवाय यांच्या तोंडातून ‘मम्’ निघायचा नाही. आपण इथे काय म्हटलं असतं? ‘ब्र काढायचे नाहीत.’ आपला ‘ब्र’ आणि त्यांचा ‘मम्’ दोन्ही ओठांवरचे, दोन्हींना स्वतःचा अर्थ नाही, आणि दोन्ही बहुतेक वेळा नकारातच भेटतात. लॅटिनमध्येही ‘मू न करणे’ हा प्रयोग होता; आपल्या ‘हूं की चूं न करणे’च्या जवळचा.

‘मम् सुद्धा काढला नाही’ असं म्हणता म्हणता पुढे ‘मम्!’ एवढंच म्हटलं की ‘ओठ मीट’ असा हुकूम झाला, आणि ओठ मिटलेला माणूस तो ‘मम्’ ठरला. शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ या नाटकाच्या दुसऱ्या भागात, पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, ह्यूम नावाचं पात्र कटाच्या गडबडीत स्वतःलाच बजावतं, की ओठांना मोहर लाव आणि ‘मम्’शिवाय शब्द काढू नकोस. ‘मम्ज द वर्ड’चं व्याकरण याच ओळीवरून उलगडतं. ‘मम् हा एक शब्द आहे’ असं ते वाक्य नाही. ‘इथे बोलायचा शब्द एकच, तो म्हणजे मम्’ असं आहे. आणि तो तर तोंड मिटूनच निघतो. मुलांना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करायला लावा आणि त्याच अवस्थेत काय बोलता येतं ते विचारा. उत्तर त्यांचं त्यांनाच सापडतं.

प्रश्न : आमच्या कार्यालयातल्या ज्युनियरने दाव्याच्या इंग्रजी मसुद्यात ‘द डिफेंडंट केप्ट मम्’ असं लिहिलं. वर्तमानपत्रात हा प्रयोग रोज दिसतो. कोर्टात चालेल का? (वकील, सिव्हिल लाइन्स)

उत्तर : वरची लँगलंडची ओळ वाचून रागावू नका, ती सहाशे वर्षांपूर्वीच्या वकिलांसाठी आहे.

मसुद्यात चालणार नाही. ‘कीप मम्’ हा बोलण्यातला प्रयोग. मथळ्यांत तो फोफावला, कारण तीन अक्षरांत काम भागतं आणि रकान्यात बसतं. शिवाय ‘मम्’मध्ये हेतूचा आरोप दडलेला आहे, की माहीत असून हा बोलला नाही. तो आरोप सिद्ध करायची तयारी नसेल तर उगाच अंगावर का घ्यायचा? त्याऐवजी घडलं ते लिहा. नोटीस कोणत्या तारखेची, रजिस्टर्ड पोस्टाने कधी पोहोचली, उत्तराला किती दिवस दिले होते, आणि त्या मुदतीत उत्तर आलं नाही. गप्प बसण्याचा अर्थ न्यायाधीश लावतील.

आणि तो अर्थ दिवाणीत एक, फौजदारीत दुसरा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम ५ नुसार वादपत्रातलं जे विधान प्रतिवादी स्पष्टपणे किंवा ओघाने नाकारत नाही, ते सामान्यतः त्याला मान्य आहे असं धरलं जातं. म्हणून लेखी जबाबात परिच्छेदागणिक नकार नोंदवावा लागतो. एखादा परिच्छेद नजरेतून सुटला की तेवढ्यापुरतं ‘मौनं सम्मतिलक्षणम्’ होऊन बसतं. फौजदारीत राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू देत नाही, त्यामुळे तिथलं गप्प राहणं म्हणजे कबुली नव्हे. इंग्लंडचे माजी चॅन्सेलर थॉमस मोर यांनी १५३५ च्या आपल्या राजद्रोहाच्या खटल्यात हेच सम्मतीचं तत्त्व स्वतःच्या बाजूने फिरवायचा प्रयत्न केला होता, की राजाला चर्चचा प्रमुख मानण्याबद्दल मी गप्प राहिलो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी मान्यताच दिली. उपयोग झाला नाही, शिरच्छेद झाला.

इंग्लंडच्या जुन्या फौजदारी कायद्यात उत्तरच न देणाऱ्या आरोपीसाठी ‘स्टँडिंग म्यूट’ हा शब्दप्रयोग होता; ‘मम्’ नव्हे, ‘म्यूट’. हा आरोपी देवाच्या इच्छेने मुका आहे की खोडसाळपणे मुका झाला आहे, हे ज्यूरी ठरवायची. खोडसाळ ठरला तर छातीवर वजनं चढवत जायचे, तो बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत. माणसं हे सोसायची, कारण गुन्हा शाबित झाला की मालमत्ता जप्त होई. न बोलता मेलं तर ती वारसांकडे राही. १७७२ मध्ये ही पद्धत बंद झाली, पण तेव्हा गप्प राहणं म्हणजे दोषी ठरणं असं मानलं गेलं. गप्प आरोपीच्या नावे ‘गुन्हा नाकबूल’ अशी नोंद घ्यायची, हे १८२७ मध्ये आलं.

प्रश्न : ‘मम्’ हा आपल्या ‘मौन’वरूनच गेला, असा एक मेसेज फिरतो आहे. खरं आहे का? (कामठी)

उत्तर : नाही. ‘मौन’ हे ‘मुनि’वरून झालेलं भाववाचक नाम, मुनीचा भाव तो मौन. त्यातला ‘न’ ‘मुनि’तला आहे आणि तो ‘मम्’मध्ये कुठेच नाही. मेसेज लिहिणाऱ्याने सुरुवातीचा ‘म’ पाहिला आणि गाडी सोडली.

मात्र ‘म’वर संशय घेणं अगदीच वाया गेलं नसतं. फक्त दार चुकलं. आपला ‘मूक’ आणि इंग्रजीतला ‘म्यूट’ खरोखर नात्यातले आहेत. ‘म्यूट’ लॅटिन ‘मूतुस्’वरून आला, आणि ‘मूतुस्’ व संस्कृत ‘मूक’ यांच्या मुळाशी मिटलेल्या तोंडाचा तोच ‘मू’ आहे. ग्रीकमध्ये ‘म्यूएइन्’ म्हणजे मिटणं, ओठ किंवा डोळे. ज्यांना गुप्त विधींची दीक्षा मिळाली आणि जे त्याबद्दल बाहेर बोलणार नाहीत ते ‘मिस्टेस’, आणि त्यांच्या विधींवरून ‘मिस्टरी’. लांबचं पाहण्यासाठी डोळे बारीक करणाऱ्याच्या दोषाला ‘मायोपिया’ म्हणतात, तोही याच घरातला. टीव्हीच्या रिमोटवरचं ‘म्यूट’ आणि ‘मूकबधिर’मधला ‘मूक’ एका रांगेत बसतात, हे त्या मेसेजपेक्षा जास्त चांगलं नाही का? ‘मम्’ मात्र या घराण्यातून वारशाने आलेला नाही. इंग्रजी तोंडांनी तोच आवाज नव्याने ऐकून तो घडवला. नातं रक्ताचं नाही, ओठांचं आहे. मराठीत ‘मुका’ म्हणजे न बोलणारा आणि ‘मुका’ म्हणजे पापी. ओठ मिटल्याशिवाय दोन्ही होत नाहीत, पण म्हणून व्युत्पत्ती एक ठरत नाही. तसंच हे.

जाता जाता : माणसाबद्दल ‘डम्ब’ आता लिहू नये. त्याचा दुसरा अर्थ ‘मूर्ख’ असा रुळला आहे आणि तो शब्द अपमानाचा ठरतो. (त्यातला शेवटचा ‘बी’ उच्चारत नाहीत. मुक्याच्या शब्दातच मुकं अक्षर.)

प्रश्न : मम्बल, ममर, इजिप्तची ममी, शेवंतीचं ‘मम्’, हे सगळे ‘मम्’चेच भाऊबंद का? (पदवीची विद्यार्थिनी, प्रतापनगर)

उत्तर : सगळे नाहीत. एकेक पाहू.

‘मम्बल’, म्हणजे पुटपुटणं, हा सख्खा. मुळात तो ‘मोमेलेन’ असा होता, त्यात ‘ब’ नव्हताच. तो शिरला कसा, हे मराठी माणसाला समजावणं सर्वांत सोपं, कारण आपणही तेच केलं आहे. आम्र या शब्दात ‘ब’ नाही, पण आंब्यात आहे. ताम्रात नाही, तांब्यात आहे. ‘म’नंतर लगेच ‘र’ किंवा ‘ल’ म्हणायचा असेल तर दोन गोष्टी एकाच क्षणी व्हाव्या लागतात, ओठ उघडणं आणि मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद होणं. टाळू किंचित आधी वर गेली आणि ओठ अजून मिटलेलेच असले की मधल्या क्षणात आपोआप ‘ब’ फुटतो. आम्र सावकाश म्हणा, मग भराभर दहा वेळा म्हणा. आपल्या तोंडात तो ‘ब’ येताना कळेल. लॅटिन ‘नुमेरुस’चा ‘नंबर’ आणि ‘कामेरा’चा ‘चेंबर’ याच वाटेने झाला.

‘ममर’ म्हणजे मुखवटे घालून घरोघर जाणारे सोंगाडे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘मोमे’वरून, म्हणजे सोंग करण्यावरून आला. इंग्रजीत तो आणि गप्पवाला ‘मम्’ एकमेकांत मिसळले, कारण सोंगाड्याने बोललं की आवाजावरून ओळख फुटते. आपल्याकडे नागपुरात तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) मारबत, म्हणजे इडापीडेचा पुतळा, निघते तेव्हा नेमका उलटा प्रकार. ‘घेऊन जा गे मारबत’ जितक्या मोठ्याने ओरडाल तितकं बरं.

ममी परकी. ती फारसी ‘मोम’वरून, म्हणजे मेणावरून, अरबी ‘मूमिया’तून आली. नागपुरात अर्धं गाव मेणबत्तीला मोमबत्तीच म्हणतं, त्यामुळे इथे हे वेगळं सांगायला नको. शेवंतीचं ‘मम्’ हे ‘क्रिसॅन्थमम’चं अमेरिकन शेपूट, बाकी काही नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची ‘मम्’ नावाची बिअर विकली जाई. तिचं मूळ नाव ‘मुमे’. ‘मॅडम’चं घासून घासून झालेलं ‘मम्’ आणखी निराळं.

एक भाऊ मात्र तुमच्या यादीत नाही. सोळाव्या शतकात ‘मम्बजेट’ असा एक शब्द होता, अर्थ तोच, चिडीचूप. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मध्ये स्लेंडर नावाचा भोळा उमेदवार परवलीचा शब्द म्हणून तो मधोमध तोडून वापरतो. मी ‘मम्’ म्हणेन, ती ‘बजेट’ म्हणेल, म्हणजे आम्ही एकमेकांना ओळखू. बजेट म्हणजे तेव्हा चामड्याची पिशवी. अर्थमंत्र्यांचं बजेट त्याच पिशवीतून निघालं. बजेटआधी अर्थ मंत्रालयात हलवा वाटून झाला की भाषण होईपर्यंत बजेटच्या कामातल्या कर्मचाऱ्यांना आतच कोंडून ठेवायची आपल्याकडची रीत पाहिली की हा जुना जोडशब्द पुन्हा वापरात आणावासा वाटतो.

प्रश्न : मी सबटायटल्स लिहितो. ‘कीप मम्’ला दर वेळी ‘शांत राहा’ लिहिलं की संपादक परत पाठवतात. नेमकं काय लिहावं? (धंतोली)

उत्तर : संपादकांचं बरोबर आहे. ‘शांत’ हा शब्द इंग्रजी ‘क्वाएट’चा आणि ‘काम’चा (calm) भार उचलतो, ‘मम्’चा नाही. एक चाचणी लावून पाहा. वाक्यापुढे ‘कशाबद्दल?’ असा प्रश्न ठेवा. तो बसत असेल तर ‘मम्’. वाचनालयात माणसं ‘सायलेंट’ असतात, तिथे ‘कशाबद्दल?’ विचारणं वेडेपणाचं. मंत्री बदल्यांबद्दल ‘मम्’ असतात. तिथे तो प्रश्नच महत्त्वाचा. ‘मम्’ माणूस क्रिकेटवर तासभर बोलत असेल, फक्त त्या एका गोष्टीवर तोंड मिटलेलं. म्हणून ‘सामसूम’ (रस्त्यासाठी), ‘चिडीचूप’ (वर्गासाठी), ‘निःशब्द’ (भारावलेल्यासाठी) हे सगळे बाद.

आता कोण कुणाला म्हणतंय त्यावर पुढचं. लहान मुलांचं गुपित असेल तर ‘अळीमिळी गुपचिळी’ला तोड नाही. मोठ्या माणसांत ‘हे आपल्यातच राहू द्या’ किंवा ‘कुठे बोलू नका’. धमकी असेल तर ‘तोंड उघडलंस तर बघ’. बातमीत निवेदकाला बाजू घ्यायची नसेल तर ‘याबाबत बोलणं टाळलं’ किंवा ‘अवाक्षर काढलं नाही’. ‘मूग गिळून बसले’ आणि ‘तोंडात मिठाची गुळणी धरली’ यांत दोष देणं आहे, बोलायला हवं होतं आणि बोलले नाहीत. तटस्थ वाक्यात ते टाकले की अर्थ वाकतो. ‘मौन’ जपून वापरा, त्याला व्रताचा वास आहे. लाच घेऊन गप्प बसलेल्याने ‘मौन पाळलं’ म्हटलं की तो उगाच साधू दिसतो.

पात्र नागपूरचं असेल तर ‘गप्प बस’ऐवजी ‘चूप बस’ किंवा ‘चूप राह्य ना बे’. ‘गप्प’ इथे कळतो, पण रागाच्या भरात तोंडातून आपसूक येतो तो ‘चूप’. दोन्ही शब्द ‘प’वर संपतात, म्हणजे म्हणणाऱ्याचे ओठही शेवटी मिटतात, तोंडाच्या हालचालीशी मजकूर जुळवायचा असेल, डबिंगमध्ये तर हमखास, तर हे ओठ मिटणं उपयोगी पडतं. ‘मम्’ही ओठ मिटूनच संपतो.

श्लेष आला की मात्र शब्दाला शब्द सोडून द्यायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या माहिती खात्याचं एक पोस्टर होतं, ‘बी लाइक डॅड, कीप मम्’. गुपितं फोडू नका, हा एक अर्थ. बाबांसारखे आईला पोसा, हा दुसरा. आई म्हणजे पोसलेलं माणूस का, म्हणून त्यावर आक्षेपही आले. मराठीत ‘कीप’साठी ‘सांभाळणे’ धरा, काम होतं : ‘बाबांसारखे वागा. घर सांभाळा, तोंड सांभाळा.’ आई गेली, पण फटका राहिला. आक्षेपही आपोआप मिटला.

प्रश्न : मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या) परिसरात ‘सायलेन्स झोन’ची पाटी असते. तिथे बोलायचंच नाही का? (मेडिकल चौक)

उत्तर : बोला, हॉर्न वाजवू नका. हा ‘सायलेन्स’ मोजायचा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तिथे सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मर्यादा ५० डेसिबल, रात्री ४०. निवासी भागात हेच आकडे ५५ आणि ४५. म्हणून पाटीवर ‘शांतता क्षेत्र’ हेच बरोबर, ‘मौन क्षेत्र’ नको. हॉर्न मौन पाळत नाही.

प्रश्न : देवनागरीत ‘मम’ लिहावं की ‘मम्’? (वर्धा रोड)

उत्तर : पाय मोडूनच लिहा. ‘मम’ म्हणजे संस्कृतात ‘माझे’. पूजेत ‘इदं न मम’ म्हणून पळी सोडणाऱ्या वाचकाला ‘मंत्री मम’ वाचून भलतंच काही वाटायचं.